ताटाखालचा लाल ठिपका

पाळी पाच दिवसांवरून दोन दिवसांवर आली तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधीच कबूल करून टाकते. ठाण्याला कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंग करते. प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, वारसाचे अर्ज. आमच्या मजल्यावर बाथरूम नाही. खालच्या मजल्यावर आहे, आणि त्याची किल्ली झेरॉक्सवाल्याकडे असते. अशा बाईची पाळी लवकर आटोपली तर ती पेढे वाटेल, वैद्याकडे कशाला जाईल?

पाचव्या महिन्यात मात्र ती एका दिवसात संपली. संपली म्हणजे काय, सकाळी डाग दिसला आणि संध्याकाळपर्यंत तोही नाही. तोवर ब्लाउज सैल झाले होते, डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगचे तीन जिने चढताना धाप लागत होती आणि संध्याकाळी अंग उगाच कोमट वाटायचं. विनीत, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "बारीक झालीस, मस्त दिसतेस." विनीतला सगळंच मस्त दिसतं, त्यामुळे त्याचं मत मी धरत नाही. शेवटी एका शनिवारी मी गल्लीतल्या आसावरी वैद्यांकडे गेले.

त्या पन्नाशीच्या, आवाजाला मऊ, पण प्रश्न असे की आमच्या वकीलसाहेबांनी उलटतपासणी शिकून घ्यावी. किती दिवस जातं? किती पॅड लागतात? रंग कसा? आधी पोटात दुखायचं का, आता दुखतं का? दुपारी काय जेवता?

"चहा आणि दोन बिस्किटं."

"आणि रात्री?"

"सूप."

नणंदेच्या लग्नातल्या फोटोत मी विनीतच्या दुप्पट दिसले होते. तेव्हापासून माझं हे असं चाललं होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी आधी दिवस गेलेत का ते तपासायला लावलं. गेले नव्हते. मग नाडी बघितली, जीभ बघितली, डोळ्याची पापणी खाली ओढून आत बघितलं.

"विहिरीतच पाणी नाही, तर रहाट किती ओढणार?" त्या म्हणाल्या. "औषध लगेच देत नाही. रक्त तपासा, थायरॉइड बघू, सोनोग्राफी करून घ्या. तोवर दोन्ही वेळा पोटभर जेवा. सकाळी काळे तीळ आणि गूळ, भातावर तूप. आठ दिवसांनी या." मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी मागून जोडलं, "आणि येताना मिस्टरांनाही आणा."

मिस्टरांना कशाला? हा प्रश्न घेऊन मी पायऱ्या उतरले आणि खाली येऊन केसपेपर उघडला. वकिलांचं अक्षर वाचून वाचून माझी नजर तयार झालेली आहे, कोणाचंही अक्षर मला अडत नाही. पण ओळीच्या टोकाला जो शब्द होता त्याच्यावरच दवाखान्याचा जांभळा शिक्का बसला होता. त्याच्या खालच्या ओळीत एकच शब्द होता, स्वच्छ, आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

क्षय.

बाजूला नारळवाला होता, त्याच्या हातगाडीला धरून मी उभी राहिले. तो विचारत होता, "ताई, पाणीवाला देऊ की मलईवाला?" आणि मी कागदाकडेच बघत होते.

इतकं घाबरायला काय झालं, टीबी आता बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध मिळतं, हे मलाही ठाऊक आहे. पण मला टीबी दिसला नाही. मला क्षय दिसला, आणि क्षय म्हणजे आमच्याकडे गोदूमावशी.

गोदूमावशी माझ्या आईची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांनी सासरच्यांनी तिला क्षय झालाय म्हणून खडवलीला माहेरी आणून सोडली. घरामागे पत्र्याची एक खोली होती, तिथे तिची खाट टाकली. तिचं ताट, वाटी, तांब्या वेगळा. भांडी घासताना चुकून एकात एक व्हायला नकोत म्हणून प्रत्येकाच्या बुडाला ऑइलपेंटचा लाल ठिपका. तिला मरण काही आलं नाही. ती मागेच राहिली, जेवली, म्हातारी झाली, आणि ठिपके उडाले की ती स्वतःच परत लावून घ्यायची. आम्हा मुलांना सांगितलेलं होतं, मावशीच्या उंबऱ्याला शिवायचं नाही.

एकदाच शिवले मी. सात वर्षांची होते. अंगणातल्या दगडाला ठेचकाळून अंगठ्याचं नख उलटलं, रक्ताची धार लागली, आणि घरात कोणी नव्हतं म्हणून मी रडत मावशीच्या दारात गेले. ती उठली, दोन पावलं माझ्याकडे आली आणि एकदम किंचाळली, "लांब हो! लांब हो म्हणते ना!" मी हललेच नाही तर तिने तांब्या भिरकावला. तो भिंतीवर आपटला. त्या दिवसापासून मी तिला घाबरत आले, आणि खरं सांगायचं तर तिचा रागही करत आले.

घरी येऊन मी बाथरूममध्ये मोबाइलवर शोधलं. शोधू नये हे कळत होतं, तरी शोधलं. 'पाळी कमी होणे क्षय' असं टाकलं आणि समोर आलं, गर्भाशयालाही क्षय होतो, आणि त्यात पाळी कमी होते. वजन घटतं. संध्याकाळी कणकण असते. प्रत्येक ओळ माझीच होती. विनीत बाहेरून विचारत होता, "काय म्हणाल्या वैद्य?" मी नळ सोडला आणि आतूनच ओरडले, "पित्त आहे!"

आता कोणी म्हणेल, त्या बाईंना एक फोन करायचा. नंबर कागदावरच होता. तीन वेळा लावायला घेतला आणि तीन वेळा ठेवला. विचारलं तर त्या हो म्हणतील, एवढीच भीती होती. न विचारता मी निदान आठ दिवस आजारी नसलेली राहणार होते. भित्र्या माणसाचं डोकं असंच चालतं, आणि मी स्वतःला कधी भित्री समजले नव्हते.

माझी मुलगी उर्वी चार वर्षांची. ती माझ्या ताटात जेवते, माझ्या ग्लासातून पाणी पिते आणि माझा गाल ओला करून झोपते. त्या दिवशी ती धावत आली तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले नव्हते.

"लांब हो, उर्वी."

"का?"

"मला सर्दी झालीये. लांब हो म्हणते ना."

नेलपॉलिशची लाल बाटली होती, नणंदेच्या लग्नात लावलेली. सगळे झोपल्यावर मी एका ताटाच्या, एका ग्लासाच्या, एका वाटीच्या बुडाला ठिपका लावला. कसं करायचं हे कोणाला विचारावं लागलं नाही. हॉलमध्ये चटई टाकून झोपायला लागले. उर्वी आतून हाका मारायची, मी झोपेचं सोंग घ्यायचे. विनीतला सांगितलं, पित्तामुळे झोप लागत नाही, उगाच तुमची झोपमोड नको. तो "ओके" म्हणाला. हा माणूस कधीच का काही खोदून विचारत नाही, म्हणून मला त्या पाच दिवसांत त्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही, आणि त्याने विचारलं असतं तर मी त्याला धड उत्तर दिलं नसतं हेही खरं.

बुधवारी रक्ताचे रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन आठच्या घरात. त्याच्याखाली ईएसआर, त्याच्यापुढे वर जाणारा बाण. मोबाइल म्हणाला, क्षयात हा वाढतो. सोनोग्राफीवाल्याने 'सगळं ठीक' म्हटलं होतं, पण त्याला मी मनातल्या मनात बाद करून टाकलं. वाईट सांगणाऱ्यावर तेवढा माझा विश्वास बसत होता. दुपारची बिस्किटंही सुटली.

गुरुवारी घरी आले तर उर्वी गॅलरीत कोपऱ्यात बसली होती. समोर तिचं हत्तीचं चित्र असलेलं छोटं ताट, त्यात वरणभात. विनीत दारात उकिडवा बसून तिची समजूत घालत होता.

"बघ ना, आत येत नाहीये. तिथेच जेवायचं म्हणते."

मी पुढे झाले तशी ती ताट घेऊन मागे सरकली, भिंतीला टेकली आणि हात पुढे धरून म्हणाली, "लांब हो! माझ्या ताटाला पण टिकली आहे."

मी ताट उचललं. वरणभात सांडला. खाली लाल नेलपॉलिशचे तीन फराटे होते, अजून ओले. तिच्या बोटांनाही लागलं होतं. त्या क्षणी मला जी भीती वाटली तिच्यापुढे आधीची काहीच नव्हती. मरायचं भय वेगळं आणि हे वेगळं. माझ्या घरात, माझ्या पोरीच्या हाताने, खडवलीची ती खोली तयार होत होती.

"रसिका, ही टिकली काय भानगड आहे?" विनीतने पहिल्यांदा काहीतरी खोदून विचारलं.

मी रिपोर्ट उचलले, चपला घातल्या आणि तशीच दवाखान्यात गेले. अपॉइंटमेंट नव्हती. बाहेर पाच बायका बसल्या होत्या, त्यांना ओलांडून मी सरळ आत शिरले आणि केसपेपर टेबलावर ठेवून त्या शब्दावर बोट ठेवलं. "हे तुम्ही मला तोंडावर का नाही सांगितलं?"

आसावरीताईंनी कागद बघितला, मग मला बघितलं. समोर बसलेली पेशंट बाई तोंड उघडं टाकून ऐकत होती. त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं, मला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. मी ग्लास तोंडाला न लावता वरून प्यायले. ते त्यांनी पाहिलं.

"किती दिवस असं पिताय?"

"शनिवारपासून."

"अहो देवा." त्यांनी शिक्क्याखालच्या अक्षरावर पेन टेकवलं. "हा शब्द आर्तव आहे. आर्तव म्हणजे पाळीचं रक्त. ओळीत जागा नाही उरली म्हणून उरलेलं खाली लिहिलं. शब्द एकच आहे, आर्तवक्षय. क्षय म्हणजे कमी होणं. पौर्णिमेनंतर चंद्राचा होतो ना, तो क्षय. पाळी कमी झाली, इतकंच लिहिलंय मी."

"पण ईएसआर..."

"रक्त इतकं कमी असलं की तोही वाढतो. टीबीची शंका असती तर मी तुमच्या तोंडावर सांगितलं असतं आणि त्याच्या तपासण्या लिहिल्या असत्या. तरीही तुमच्या मनात राहायला नको म्हणून छातीचा फोटो काढून घ्या. आणि समजा असताच, तर गोळ्या घेऊन बरा झाला असता. ताट वेगळं करून नाही."

"मग मिस्टरांना का बोलावलं?"

"तुम्ही दुपारी बिस्किटांवर राहता हे घरात कोणाला तरी कळायला नको?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. नाक पुसून उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथेच पाय थांबले.

"ताई, पूर्वीचे वैद्य पाळी कमी झाली तर काय लिहायचे?"

"हेच. आमच्या पोथ्यांत पहिल्यापासून हाच शब्द आहे."

घरी जाताना मी आईला फोन लावला. आई कल्याणला माझ्या भावाकडे असते. मी विचारलं, "आई, गोदूमावशी आली तेव्हा तिला खोकला होता का गं?"

"आता हे मध्येच काय?"

"होता का?"

आईने आठवून पाहिलं. "थंडीत यायचा असेल, सगळ्यांना येतो तसा. पण वैद्याचा कागद आणला होता ना सासरच्यांनी."

"तुम्ही डॉक्टरला दाखवलं नाही?"

"दाखवलं असतं तर गावभर झालं असतं. मी सतरा वर्षांची होते, रसिका. घरात क्षय आहे म्हटल्यावर माझं लग्न कोणी जमवलं असतं?" मग ती म्हणाली, "तू का विचारतेस?"

आई पलीकडून दोनदा म्हणाली, "का विचारतेस गं? सांग ना." तिचा आवाज इतका घाबरलेला मी कधी ऐकला नव्हता.

छातीचा फोटो स्वच्छ आला. रविवारी उर्वीला घेऊन मी खडवलीला गेले. मामा पुढच्या ओट्यावर पेपर वाचत होता. त्याला हात केला आणि मी तशीच मागे गेले. गोदूमावशी तिच्या दारात सुपात वाल निवडत बसली होती. सदुसष्ट वर्षांची, काटक, केस पांढरेफटक. उर्वीला पाहताच तिने सूप बाजूला ठेवलं आणि स्वतःच मागे सरकली.

"पोरीला लांब ठेव गं."

मी उर्वीला जास्वंदीची फुलं वेचायला पाठवलं आणि आयुष्यात दुसऱ्यांदा त्या उंबऱ्यापाशी आले. या वेळी टेकले. मावशी आणखी आत सरकली.

"मावशी, सासरी असताना तुला नक्की काय होत होतं?"

तिला प्रश्नाचं नवल वाटलं. पंचेचाळीस वर्षांत तो कोणी विचारला नसावा. "काय होनार? महिन्याचं कमी जायचं. एक दिवस, कवा तोबी नाय. पोर होईना म्हनून सासऱ्यानं वैद्याकडं नेली. वैद्यानं कागद लिवून दिला. सासऱ्यानं घरी वाचला नि म्हनला, हिला क्षय हाय, माघारी घाला."

"कागद कुठे गेला?"

"माझ्याकडंच हाय. माझ्यासंगंच दिला होता बाबाकडं. टाकला नाय कवा. उद्या कोनी विचारलं हिला इथं का ठिवली, तर दाखवाया नको?"

तिने पेटी उघडली. रेशनकार्डाच्या पिशवीतून एक पिवळी घडी काढली आणि माझ्या हाताला हात लागू नये म्हणून ती उंबऱ्यावर ठेवली. घड्यांवर चिरा पडल्या होत्या. शाई तपकिरी झाली होती, पण त्या वैद्याचं अक्षर मोत्यासारखं होतं, एकही शिक्का आड आला नव्हता. सौ. गोदावरी, वय बावीस. त्याखाली एका शिरोरेघेत, कुठेही न तुटलेला तो एकच शब्द. त्याखाली तीळ, गूळ, शतावरी, तूप. आणि शेवटी, 'पोटभर जेवावयास द्यावे.'

मी कागद धरून बसले. पाच दिवसांचं भय मला सोसवलं नव्हतं. हिची पंचेचाळीस वर्षं मी एका शब्दात खोडून टाकणार होते, आणि त्यानंतर ही काय करेल याची मला फार भीती वाटली. गुपचूप घडी घालून परत द्यावा, असंही क्षणभर मनात आलं.

"काय लिवलंय गं त्याच्यात?" मावशी म्हणाली. "मला वाचता येत नाय. कोनी वाचून बी दावला नाय."

मग मी वाचला. शब्दन् शब्द. आर्तव म्हणजे काय ते सांगितलं, क्षय म्हणजे काय ते सांगितलं. मलाही हेच झालंय, माझ्या कागदावरही हेच लिहिलंय, हेही सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. सूप परत पुढ्यात ओढलं होतं, बोटं वालांतून फिरत होती पण निवडत काहीच नव्हती.

"म्हंजी क्षय नवताच?"

"नव्हता, मावशी."

"मग ताट?"

"ताट वेगळं करायचं काही कारणच नव्हतं."

ती रडली नाही, कोणाला शिव्याही दिल्या नाहीत. पुढच्या ओट्यावर मामाच्या पेपरचं पान उलटल्याचं ऐकू आलं. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवा तुझ्या आंगठ्याचं नख उलटलं व्हतं. लई रगत जात व्हतं. मी उठले व्हते तुला उचलाया." तिने सूप बाजूला केलं. "म्हंजी उचललं असतं तरी चाललं असतं?"

मी होकाराची मान हलवली.

"कंच्या पायाचा व्हता गं?"

"उजव्या," मी म्हटलं, आणि चप्पल काढून पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. ती पुढे सरकली. पदराला हात पुसले, परत पुसले, आणि मग तिने माझा अंगठा दोन्ही हातांत धरला.